चिंचेचं हातभर फूल

भूमच्या पेठेत एका फोटोवाल्या काकांकडं मी पत्रकांच्या झेरॉक्स काढतो. पासपोर्ट फोटोंतून वेळ उरला की ते रुई, तरवड, गोखरूची फुलं टिपतात, हातभर मोठी छापतात आणि घरांच्या भिंतींसाठी फ्रेम करून देतात. फुलाशीही गिऱ्हाइकासारखंच बोलतात, "मान जरा वर. हां, हलू नका."

मला त्यांचा राग यायचा. नव्या स्वागत कमानीसाठी आमच्या गावच्या वेशीतली चिंच तोडायचं ठरलं, तेव्हा मी विरोधाच्या निवेदनावर त्यांची सही मागितली. म्हणाले, "सही न्हाय करत म्या. फुलोरा आलाय का तिला, ते सांग."

"तुम्ही बंगल्यांच्या भिंतीच सजवा, काका."

"व्हय, तेच करतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन चिंचेखाली हजर.

पुढं आमच्या सरपंचांच्या पत्नी, गावाच्या वैनी, घरातल्या नव्या हॉलसाठी फ्रेम बघायला आल्या. मी झेरॉक्सपाशीच होतो. पिवळ्या पाकळ्यांवर लाल रेषा असलेलं फूल त्यांना आवडलं.

"कुठलं परदेशी हाय हे?"

"तुमच्याच वेशीतल्या चिंचेचं, वैनी. लई बारीक असतंय, म्हणून दिसत न्हाय. कमानीच्या आधी बघून घ्या."

वैनींनी फ्रेम लावली आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला वेशीत नेऊन झाड दाखवायला लागल्या. महिन्याभरात कमानीची जागा वीस पावलं पुढं सरकली. माझी चार पत्रकं कुणी वाचली, देव जाणे.

पत्रकात आभार मानायची मला सवय नाही. पण काका, चिंच उभी आहे. आणि जिच्यासाठी मी एवढा ओरडत होतो, तिचं फूल मीही पहिल्यांदा तुमच्या फ्रेममध्येच पाहिलं.