बायकोची मुदत

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मिलच्या विणाई खात्यात होते. फाटकावर युनियनचा माणूस पत्रक वाटायचा, ते बाबा चार घड्या करून खिशात घालून आणायचे. बाबांना सहीपुरतं लिहिता यायचं, मायला तेवढंही नाही. म्हणून संध्याकाळी मी ओट्यावर उभी राहून पत्रक मोठ्यानं वाचायची आणि शेजारपाजारची माणसं येऊन बसायची. मागची कोरी बाजू माझ्या गणितांची. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे मला लवकर कळलं. मोठी माणसं नववीतल्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसली की त्या मुलीला त्याची चटक लागते. मला लागली होती.

माय विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. ठेकेदाराचा माणूस रोज तिच्या विड्यांतल्या मूठभर बाजूला फेकायचा, "ह्या कच्च्या." त्याचे पैसे मिळायचे नाहीत, विड्या मात्र तो घेऊन जायचा. मायला खोकला होता. एका शेजारणीच्या मशीनवर ती शिवण शिकली होती, आणि स्वतःची शिलाई मशीन आली की सूप कायमचं उलटं ठेवायचं असं तिनं ठरवलं होतं. एवढी एकच गोष्ट तिनं बाबांकडे मागितलेली मला आठवते.

मशीनसाठी बाबांनी मिलच्या पतपेढीतून तीनशे रुपये कर्ज काढलं. हप्ता पगारातून कापून जायचा. त्या पतपेढीची एक रीत होती. कर्ज दिलं तरी कर्जाचा कागद आठ दिवस पेटीत ठेवायचे, वहीत चढवायचे नाहीत. तेवढ्यात कोणी पूर्ण रक्कम परत आणली तर कागद त्याच्यादेखत फाडायचे. व्याज नाही, की विचारपूस नाही. माणूस भरात सही करून येतो आणि घरी बायकोनं फैलावर घेतलं की पैसे परत घेऊन येतो, असा जुना अनुभव. मिलमध्ये त्या आठ दिवसांना बायकोची मुदत म्हणायचे.

आमच्या घरी बायको भांडली नाही. ती दुसऱ्याच दिवशी जरीपटका वस्तीतल्या बाजारात जाऊन दहा रुपये बयाणा देऊन आली आणि शेजारणींकडून कापड आणि मापं घ्यायला लागली. आकडे तिला लिहिता येत नव्हते. विडीचा दोरा ती खांद्यापासून, छातीभोवती, कमरेभोवती धरायची आणि जिथं माप संपेल तिथं गाठ मारायची. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला त्या बाईच्या लुगड्याची चिंधी. असे नऊ दोरे खिळ्याला लटकले.

पाचव्या दिवशी पत्रक आलं. संप जवळ आला होता. मी वाचायला लागले. पगारातून हप्ता कापायला सही देणारा कामगार आपली मान स्वतःच अडकवून घेतो, तेव्हा नवीन कर्ज घेण्याआधी विचार करा, असं त्यात होतं. तिथं मजकूर संपत होता. खाली फक्त झिंदाबाद. पण माणसं ऐकत होती, बाबा ऐकत होते, आणि माझा आवाज चढलेला होता. मी थांबले नाही. मी पुढं वाचलं की ज्यांनी घेतलं असेल त्यांनी ते मुदतीच्या आत परत करावं, नाहीतर ते संपाशी बेइमान ठरतील.

हे पत्रकात नव्हतं. हे मी घातलं. कागदावर नजर ठेवून, अडखळल्याशिवाय.

लोक उठून गेल्यावर मायनं विचारलं, "असं लिहिलं हाये का वं त्याच्यात?"

"हो."

"मशीनीसाठी घेतलं असन तरी?"

"माय, प्रश्न मशीनचा नाही."

"मंग कशाचा हाये?"

मी तिला समजावून सांगितलं. बरंच सांगितलं. ती विड्या वळत राहिली. मधेच म्हणाली, "अन् हे लिहिणाऱ्याची बायको काय करते?" बाबा हसले, मी चिडले. मग बाबांचं हसू गेलं. ते म्हणाले, "पोरगी शिकलेली हाये. कागदात हाये तर करा लागन." मायनं सुपातला तंबाखू सारखा केला. कागदासमोर तिचं काही चालत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बयाणा परत मागायला मी मायबरोबर गेले. दुकानदार सिंधी होता. "क्यों माई, मशीन में कुछ खराबी है?"

"नाही भैया, मशीन अच्छी है."

त्यानं कटकट न करता दहाची नोट काढून दिली. मायनं ती पदराच्या गाठीत बांधली, पण हलली नाही. "एक बार चला के देखूं क्या?"

"देख लो, माई."

ती स्टुलावर बसली. चपला काढून पाय ठेवले. दोरा न ओवलेली मशीन तिनं चालवली, आधी हळू, मग भरधाव, मग तळहातानं चाक अलगद थांबवलं. कापड नव्हतं तरी डावा हात कापड सरकवत होता. मी दाराशी उभी राहून शहीद, त्याग वगैरे शब्द मनात म्हणत होते. खरंच म्हणत होते.

बाबा पैसे द्यायला गेले तेव्हा पतपेढीचा कारकून म्हणाला, "काय गा, तुले बी घरवालीनं परत पाठवलं काय?"

"घरवालीनं नाही. पोरीनं," बाबा म्हणाले. ही गोष्ट ते पुढं कित्येक वर्षं अभिमानानं सांगायचे.

संप झाला आणि मोडला. ज्यांच्यावर कर्ज होतं तेही संपात उतरले होते, आमच्याच ओळीतले चौघे. संप मोडल्यावर त्यांचे हप्ते पुन्हा सुरू झाले, दुसरं काही झालं नाही. पगाराला गळफास लावणारी कर्जं वाईटच, हे मी आजही लिहीन. पण मी त्या दिवशी वाचलं ते कोणीच लिहिलेलं नव्हतं. मशीनचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. शेजारणींनी कापड परत नेलं. दोरे मायनं खिळ्यावरून काढून पत्र्याच्या डब्यात ठेवले. सोबत ते पत्रक.

मागच्या थंडीत माय गेली, त्या खोकल्यानंच. त्याच्या दोन वर्षं आधी विहारात दुपारी बायकांना अक्षरं शिकवायचा वर्ग सुरू झाला होता आणि ती पाटी घेऊन जायला लागली. मी तोवर स्वतः पत्रकं लिहीत होते. एका दुपारी घरी आले तर ती दारातल्या उजेडात बसलेली, डबा उघडा, मांडीवर ते पत्रक. घड्यांवर फाटलं होतं. शब्दाखाली बोट धरून ती एकेक अक्षर जोडत होती. शेवटपर्यंत आली. झिंदाबाद बरोबर वाचलं. मग कागद उलटला. मागं माझी त्रैराशिकं. पुन्हा सुलटा केला.

"ते वापस करा म्हणून होतं नं वं," ती म्हणाली, "ते कुठी हाये?"

रागानं नाही. खरोखर शोधत होती.

शेवटच्या ओळीखाली पुन्हा एकदा बोट फिरवून ती म्हणाली, "माह्यंच वाचणं कच्चं हाये अजून."

मी म्हणाले, "हो माय. येईल हळूहळू."

तिनं मान डोलावली, बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली.