बाया थांबतात ती जागा

माझी नणंद तापी हिने जाडजूड पुस्तक लिहिलंय आणि मी चौथीपर्यंत शिकलेली. तरी तिच्याबद्दल मीच लिहिते आहे, कारण ती स्वतःबद्दल लिहिणार नाही. तिचं पुस्तक इंग्रजीत आहे. त्यामुळे मी आणि तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, हिलालराव, आम्ही दोघांनी ते सारखंच वाचलंय.

तापीचं शिक्षण मानववंशशास्त्राचं. हा शब्द मला बघून लिहिता येतो, एका दमात म्हणता येत नाही. सासूबाईंना कोणी विचारलं, तुमची पोरगी डोंगरात काय करते, तर त्या सांगायच्या, "सर्व्हेमा शे." तेवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं.

आमचं गाव लोणखेडा, शहाद्याला लागून, सपाटीवरचं. डोंगरातली माणसं आमच्याकडे यायची ती ऊस तोडायला, कापूस वेचायला. ओट्याखाली बसून चहा प्यायची. त्यांच्याकडे आमच्या घरातली मुलगी शिकायला निघाली म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "त्यासनापासून काय शिकशी व तू?"

तापी म्हणाली, "ते मालेच माहीत नही, म्हनीसन तं जाई ऱ्हायनी." माहीत नाही म्हणूनच जाते, एवढंच तिचं उत्तर.

मोलगीच्या पुढे जीप जिथे थांबते तिथून चालत गेलं की एक पाडा लागतो. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. तिथे फुलसिंग नावाच्या माणसाच्या आईने तिला घरात घेतलं. गेली होती एका वर्षासाठी, पुढे आयुष्यच तिथे लागलं. कॉलेजात शिकवायची आणि सुटी लागली की पाड्यावर. स्थळंही आली. एकाने अट घातली, डोंगर सोडायचा. तिने स्थळ सोडलं. सुटीहून परतली की तिच्या लुगड्यांना मोहाच्या फुलांचा वास यायचा. सासूबाई ती लुगडी वेगळी भिजवायच्या आणि भिजवताना पुटपुटायच्या. तिने तिकडून आणलेलं आमचूर मात्र आवडीने ठेवून घ्यायच्या.

पाड्याच्या लोकांना कचेरीत काम निघालं की तापी बरोबर जायची. साहेब बोलले ते यांना यांच्या भाषेत सांगायची, हे बोलले ते साहेबांना मराठीत. स्वतःचं मध्ये काही घालायची नाही. मी एकदा म्हटलं, थोडं तिखटमीठ लावत जा गं, काम लवकर होईल. तर म्हणाली, "वहिनी, एकदा लावलं की पुढच्या वेळी खरं सांगितलेलंही खोटं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी पाड्याच्या जंगलाच्या हक्काचं काम निघालं. खालचं रान, नाला, गवताची जागा हे सगळं ठीक झालं. अडलं ते वरच्या टेकडीवर. टेकडीवर त्यांच्या देवाची जागा आहे. कागदात तसा कुठे पुरावा नाही, म्हणून टेकडी हक्कातून सुटत होती. आज देवाला जातात, उद्या तिथे तार मारली तर कुणाला विचारणार? आणि देवाच्या जागी परक्याला न्यायचं नाही, बाईला तर नाहीच. पाड्यातल्या पोरीबाळीसुद्धा वर गेलेल्या नाहीत.

तालुक्याच्या कचेरीत बोलावणं आलं. तापीचा गुडघा नुकताच बदललेला, म्हणून डबा घेऊन मी बरोबर गेले. फुलसिंग तिथे आलेलाच होता. आता तोही पिकलाय. साहेब म्हणजे एक तरुण बाई होती, नवीन आलेली, बोलायला गोड. तिच्या टेबलावर तापीचं पुस्तक.

ती म्हणाली, "मॅडम, टेकडीवरच्या देवस्थानाबद्दल तुम्ही यात एक ओळ लिहिली आहे. तुम्ही ती जागा बघितली आहे ना? तुमचं तेवढं सांगणं मला पुरेल."

मी मनात म्हटलं, सुटलो!

तापी म्हणाली, "नाही. मी बघितलेली नाही."

"इतकी वर्षं जाता आणि बघितली नाही?"

"बायांनी जायचं नसतं तिथे. मला लोकांनी सांगितलं, तेवढंच मी लिहिलं."

मी तिला कोपराने ढोसलं. तिने माझं कोपर हाताने बाजूला केलं, जसं म्हशीचं तोंड बाजूला करतात.

साहेबीण म्हणाली, "मग मला स्वतः बघायला लागेल."

फुलसिंग म्हणाला, "तू बाई आहेस. तुला नेता येत नाही." ते लोक सगळ्यांना अरेतुरे करतात, त्यात अपमान नसतो. साहेबिणीला ते माहीत असावं, ती रागावली नाही. पण म्हणाली, "सही माझी आहे, दादा. न बघता मी ती कशी करू?"

बाहेर लिंबाखाली आम्ही डबा सोडला. भाकरी कोणालाच गोड लागेना. मी विचारलं, "तापी, तू नुसतं हो म्हणाली असतीस तर यांना टेकडी मिळाली असती की नाही?"

"मिळाली असती."

"मग जीभ काय झिजली असती का गं?"

उत्तर फुलसिंगने दिलं. "ती हो म्हणाली असती तर मी पाड्यात काय सांगितलं असतं? तापीबाई लपून वर जाऊन आली म्हणून? मग तिला घरात कोण घेणार?"

मी सगळ्यांना लोणचं वाढलं.

जेवता जेवता तापी थांबली. "फुलसिंग, बाया थांबतात तिथपर्यंत तर बाईला नेता येतं ना?"

"तिथे काय आहे? बाया बसतात नुसत्या."

"तू कधी बसलास तिथे?"

फुलसिंग हसला. "मी कशाला बसू? मी वर जातो, उतरलो की जेवतो आणि निघतो."

"म्हणूनच तुला माहीत नाही," तापी म्हणाली, आणि हात धुऊन, काठी टेकत पुन्हा आत गेली.

हिवाळ्यात साहेबीण पाड्यावर आली. मीही गेले, डबा कोणी न्यायचा म्हणून. चढ फार नव्हता, पण तापीला आणि मला मिळून तीन पाय धड होते, तेव्हा बाकीचे आमची वाट बघत बसले. टेकडीच्या कमरेला एक मोठा मोह आहे. त्याच्याखाली सपाट खडक, आणि खडकात जागोजाग खळगे. उखळासारखे खोल, आतून वाटीसारखे गुळगुळीत. पाड्याच्या बाया मुसळं घेऊन भगर कांडत होत्या.

साहेबिणीने एका खळग्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"हे कोणी कोरलं?"

फुलसिंगची बायको म्हणाली, आणि तापीने मराठीत सांगितलं, "कोणी नाही कोरलं. कांडता कांडता झालं."

"इथे येऊन कशाला कांडता?"

"पुरुष वर देवाकडे जातात. त्यांचं होईपर्यंत आम्ही इथे कांडतो, शिजवतो. ते उतरले की सगळे इथेच जेवतात. हा खळगा माझ्या सासूचा. तिला तिच्या सासूने दिला. आता सुनेला देईन."

साहेबीण हात आत फिरवत म्हणाली, "दगड एवढा झिजायला किती पिढ्या लागल्या असतील!" मग प्रत्येक खळगा मापला, फोटो काढले, बायांची नावं लिहून घेतली. वर जाणारी पायवाट झाडीत शिरत होती. तिने एकदा तिकडे बघितलं आणि चपला इकडेच वळवल्या. फुलसिंग खळग्यांकडे असा बघत होता, जणू जन्मभर त्याच वाटेने गेलाय हे त्याला आत्ता कळलं.

पुढच्या वर्षी कागद आला, त्यात टेकडी होती. तो दाखवायला फुलसिंग लोणखेड्याला आला. आमच्या यांनी त्याला ओट्यावर नाही, आत खाटेवर बसवलं आणि चहा स्वतः आणून दिला. चहात साखर घालायची राहिली, पण हे बघायला सासूबाई असायला हव्या होत्या.

फुलसिंग तापीला म्हणाला, "आम्ही बसून ठरवलंय. तू आता म्हातारी झालीस, आणि टेकडी तुझ्यामुळे राहिली. या पूजेला तू वर चल. देवाला विचारलंय."

मी तापीकडे बघत होते. तिची सगळी उमर ती एक जागा न बघता गेली होती.

ती म्हणाली, "बाया खाली बसणार आणि मी एकटी वर? नको रे. तुझ्या आईने मला तिच्या खळग्याशी बसवलंय, मी तिथेच बरी."

फुलसिंगने मान हलवली. त्याला बरं वाटलं की वाईट, मला समजलं नाही.

पूजा आता जवळ आली आहे. तापी मलाही चल म्हणते. मी म्हटलं, माझा तिथे खळगा कुठे आहे? तर म्हणाली, एका खळग्यात दोघी आळीपाळीने मुसळ घालतात. तिचा गुडघा गेलाय, माझे हात अजून चालतात. मुसळ मी घरूनच नेणार आहे, परक्याच्या मुसळाने मला कांडता येत नाही.