फोटोला बसलेली

नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मी तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात हिंडत होतो, आणि पुरता वैतागलो होतो. बटण दाबलं की कॅमेरा जरा विचार करायचा, मग फोटो काढायचा. तोवर समोरचं माणूस हललेलं असायचं.

बांगड्या भरणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, “मावशी, फोटो काढू?” तिनं मान डोलावली आणि मी खटाखट बटण दाबत सुटलो. एकात तिचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात पदर तोंडावर. दर वेळी पडद्यावर बघून मी चरफडायचो. शेवटी तिनंच हात वर केला.

“आवं दादा, तुम्ही फोटो काढताय, पर मी अजून फोटोला बसले कुठं?”

मी ओशाळून थांबलो. तिनं तोंडावरून ओला हात फिरवला, पदर डोईवर नीट घेतला, गळ्यातली पोत साडीवर काढली. मग गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून ताठ बसली. तिला बघता बघता माझाही वैताग उतरला. सावकाश बटण दाबलं. काहीच झालं नाही. सेल संपले होते.

“मी बसले, आन् तुमचा कॅमेरा उठला व्हय?” ती हसली आणि तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला.

पुढच्या बाजाराला जादा सेल घेऊन गेलो, तर तिच्या जागेवर कुणी लसूण मांडला होता. नंतरही ती कधी दिसली नाही.

तिचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत. एकातही ती फोटोला बसलेली नाही.