मुरुडचे तीन उमेदवार

नोकरी लागलेल्या माणसाकडे सांगण्यासारखा एखाद-दुसराच किस्सा असतो. न लागलेल्याकडे मात्र नुसता ढीग साठत जातो! हल्ली शेजारपाजारची पोरं येऊन विचारतात, "काका, अर्ज कसा करायचा? इंटरव्ह्यूला काय बोलायचं?" मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो. कारण मला आठवतात ते आम्ही तिघे. मी, दामू कोळी आणि हमीद. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, आम्ही मॅट्रिक झालो होतो आणि मुरुडात नुसते बसून होतो. त्यातलं काय सांगू? आठवलं तरी कान गरम होतात.

* * *

नकार यायचा तो पोस्टकार्डावर. आमचा पोस्टमन गणूभाऊ माणूस प्रेमळ, पण कार्ड वाचल्याशिवाय द्यायचा नाही. नाक्यावरूनच ओरडायचा, "दामू, तुजा न्हाय जमला रं!" घर येईपर्यंत अख्ख्या कोळीवाड्याला कळलेलं असायचं. वाटेवरच्या बायका मासळी वाळत घालता घालता चुकचुकायच्या.

शेवटी दामूने शक्कल लढवली. पुढच्या अर्जासोबत स्वतःचंच तिकीट लावलेलं पाकीट जोडलं. उत्तर येईल ते बंद येईल!

आलं. गणूभाऊने पाकीट उन्हात धरून पाहिलं, काही दिसेना. मग नाक्यावरून दुप्पट जोरात ओरडला, "दामू, या वेळंला झाकून पाठवलाय रं! लईच वाईट असंल!"

* * *

माझा पहिला इंटरव्ह्यू अलिबागला होता. मी इंग्रजी उत्तरं ओळीने घोकली होती. आधी नाव, मग गाव, मग शिक्षण. आत गेलो. साहेब मराठीत म्हणाले, "बसा."

मी ताठ उभा राहून इंग्रजीत नाव सांगितलं.

"नाव आहे माझ्याकडे. बसा म्हटलं."

"मुरुड, सर!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, खुर्ची दिसतेय ना?"

"मॅट्रिक पास, सर!"

बसलो तो थेट घरच्या पडवीत. आईने विचारलं, "काय विचारलं रे?" मी म्हटलं, "बसायला सांगितलं." तिला वाटलं, कामच झालं! तिने देवापुढे साखर ठेवली. ती साखर मलाही खावी लागली.

* * *

बूट आमच्यात एकच जोड होता. हमीदचे मामू बोटीवर खलाशी, त्यांनी दिलेला. मामूंचा पाय हा एवढा, वल्ह्याएवढा! म्हणून आम्ही आत वर्तमानपत्र कोंबायचो.

हमीद एका कचेरीत गेला, तर शिपाई दारातच म्हणाला, "आत सतरंजी आहे, बूट काढा." हमीदने काढले. मोजे नव्हतेच. घामाने भिजलेला कागद तळव्याला चिकटून त्याच्याबरोबर आत गेला आणि साहेबांच्या टेबलासमोर सुटून पडला.

साहेबांनी वाकून पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"ही तर आमचीच जाहिरात!"

हमीद परत आला तो अनवाणीच. बूट दाराशी विसरला होता. ते आणायला आमच्यापैकी कुणीच गेलं नाही. मामू विचारायचे, तेव्हा आम्ही तिघेही खाली बघायचो.

* * *

गावचे शंकरभाऊ मुंबईत मोठ्या कंपनीत होते. शिमग्याला यायचे ते कडक इस्त्रीत, सगळ्यांना सिगरेट देत. "कधीही या, बघू," म्हणायचे. आम्ही लाँचने मुंबई गाठली, नारळ-सुपारीची पिशवी घेऊन कंपनीपाशी पोचलो आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐटीत सांगितलं, "शंकररावसाहेबांना भेटायचंय."

"कोण साहेब?"

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस पाण्याचे ग्लास घेऊन जिन्यावरून उतरला. शंकरभाऊ! ग्लास हातात तसेच. आम्ही पिशवीकडे बघायला लागलो, ते ग्लासांकडे.

मग त्यांनीच आम्हाला कोपऱ्यात नेलं. "चिठ्ठी-बिठ्ठी नाही रे देता येत मला," ते हळूच म्हणाले. "पण साहेबांच्या खोलीचं दार आत ढकलायचं असतं. नवी पोरं ओढत बसतात आणि साहेब चिडतात. तेवढं लक्षात ठेवा."

आजवर मला मिळालेला नोकरीचा खरा सल्ला तो एवढाच. त्या शिमग्याला शंकरभाऊ गावी आले नाहीत. आम्ही कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो. पण ते त्यांना सांगणार कसं?

* * *

दामूला नोकरी लागली ती मात्र अशी.

एक पेन्शनर मास्तर आम्हाला इंग्रजीत अर्ज लिहून द्यायचे. त्यांचं म्हणणं, साहेबाला दया आली पाहिजे. त्यांनी दामूच्या अर्जात वडील वारल्याचं घातलं. दामू दचकला. "मास्तर, बाबा तर हाय!"

"इंग्रजीत नाहीत, असं समज."

दामूने सही केली. बोलावणं आलं, मलाही आलं. दामूचे वडील लक्ष्मणकाका होडी किनाऱ्याला ओढून आमच्याबरोबर निघाले. पोरगा साहेबापुढे जाणार म्हणून धुतलेला सदरा घातला होता. व्हरांड्यातल्या बाकावर ते माझ्या शेजारी बसले. दार उघडंच होतं.

आतून साहेबांचा आवाज आला. मायाळू होता. "वडील कशाने गेले?"

दामू खाकरला. मग दामू म्हणाला, "दर्यात, साहेब."

मी काकांकडे बघू शकलो नाही. त्यांच्या हातातली विडी विझली, एवढंच दिसलं.

साहेब दामूच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. काका टोपी काढून उभे राहिले.

"हे कोण?"

दामूने मान खाली घातली.

"शेजारी हाय, साहेब," काका म्हणाले. "याचा बापूस आन मी एकाच होडीवर व्हतो."

"कसा होता हो माणूस?"

काकांनी दामूकडे पाहिलं.

"बरा व्हता, साहेब. पोरावर लई जीव व्हता त्याचा."