एक वीत उजेड

भावाचा पहिला फटका कानामागे बसला, तेव्हा मी मिरचीच्या रोपांवर पाण्याचा फवारा मारत होतो. मी वळलो, म्हणून दुसरा थेट तोंडावर आला. खालचा एक दात तेव्हाच गेला.

घराण्यात कॉलेज पुरं करणारा मी पहिला, तेही शेतीचं. हे सांगायला मला लाज नाही. भाऊ भरवेलीच्या खाणीत कामाला, पण रोपांची खोली त्यानंच उभी केलेली. थंडीत बाहेर मिरची नीट उगवत नाही, उगवली तर माकडं ट्रे उलटवतात. म्हणून बंद खोलीत एलईडीच्या उजेडावर विकायची रोपं. पण चोवीस नळ्या त्यानं घरातल्या ट्यूबलाइटसारख्या छताला ठोकल्या. निम्मा उजेड भिंतींवर जायचा. रोपं वर ताणत लांबायची आणि मान टाकायची. शिवाय एवढ्या नळ्यांच्या भारानं घरची वायर दोनदा जळाली. लाइनमन बजावून गेला, तिसऱ्यांदा जळाली तर लाइन कापीन. म्हणजे खोलीच बंद.

भाऊ सासऱ्याच्या आजारपणात पंधरा दिवस बैहरला गेला. मी एका बाजूच्या बारा नळ्यांतल्या सहा काढल्या, उरलेल्या साखळीनं खाली आणल्या, रोपांच्या शेंड्यांपासून एक वीत. त्या बाजूच्या भिंतीला चुना मारला. दुसरी बाजू त्याची होती तशीच ठेवली.

परत आल्या आल्या त्याला अर्धी खोली अंधारलेली दिसली.

"काहून बे, लाइट कोनं काढले?"

"मीच."

"दोन बुकं वाचून मले शिकवून राह्यला?"

आणि फटके. मीही हातातला पंप त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. तो रक्तानं आंधळा होऊन माझ्या बाजूचे ट्रे जमिनीवर आपटू लागला. मी त्याला ढकललं, तो त्याच्याच रॅकवर कोसळला. माय दारातून ओरडली, "मेल्याहो, मारून टाकता का एकमेकाले!"

मग दोघंही थांबलो. त्याची रोपं देठात मोडून पडली होती. माझी आपटूनही मुळांच्या मातीसकट शाबूत होती, बुटकी, जाड देठाची. त्यानं एक उचललं.

"याले कोनतं टॉनिक देल्लं?"

"टॉनिक नाही. उजेड देल्ला."

"अर्ध्या लाइटात?"

"हौ. वाया नाही जाऊ देल्ला."

तो उठून मीटरपाशी गेला. आधी तापून जिथं हात ठेवता येत नव्हता, त्या वायरीवर त्यानं तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग शिडी लावून स्वतःच्या बाजूच्या नळ्या काढू लागला. कपाळाचं रक्त शिडीवर ठिबकत होतं.

"खालून धर," एवढंच बोलला.

मी तोंडातलं रक्त थुंकलं आणि शिडी धरली.

वारासिवनीच्या शेतकऱ्याला त्या खेपेला कबूल केलेली सगळी रोपं देता आली नाहीत. पुन्हा पेरावी लागली. होळीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वायर मात्र जळाली नाही, आणि लाइन कुणी कापली नाही.