चिनी काढ्यावर तुळशीचं पान

अजून आठवलं की अंगावर काटा येतो. हाँगकाँगला नोकरी करणारी माझी लेक येताना काढ्याच्या पुड्या घेऊन आली. सुकी शेवंती, लिंबाएवढं तपकिरी पोकळ फळ आणि ज्येष्ठमधाचे ढीगभर काप. तिकडे अंगातली उष्णता उतरायला हेच पितात म्हणे. तमिळनाडूतल्या कुंभकोणच्या उन्हात आम्हाला तरी आणखी काय हवं होतं?

मामंजी, म्हणजे माझे सासरे, बी.पी.चे. त्यांचं लोणचं-पापड मी बंद केलं होतं आणि मी त्याच तोऱ्यात होते. पण आमच्या वैष्णवांच्या घरात पहिला घोट देवाचा. गुळाच्या पानकाचा दाखवावा तसा त्यांनी काढ्याचा नैवेद्य दाखवला, वर तुळशीचं पान ठेवलं, आधी तीर्थासारखा तळहातावर घेतला आणि मग पेलाभर प्यायले. सगळा उन्हाळा रोज हेच. एकदा देवापुढे ठेवलं की तो प्रसाद, आणि प्रसादाला पथ्य नसतं.

एका सकाळी ते पूजेवरून उठेनात. पायांत जोर नाही, छातीत धडधड, बी.पी. भलतंच चढलेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तमिळमध्ये विचारलं, "कषाय, काढा काही घेतात का?"

"छे, काहीच नाही," मी ठणकावून सांगितलं. खोटं नव्हते बोलत हो. प्रसादाला काढा कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी घरची पूजा उरकून मी प्रसाद फ्लास्कात भरून नेला. सलाईन नसलेला हात मामंजींनी पुढे केला, मी त्यात ओतलं, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हे काय, म्हणाल्या. मी कौतुकाने एकेक जिन्नस सांगायला लागले. ज्येष्ठमधापाशी त्यांनी मला थांबवलं.

"त्यानेच बी.पी. चढतं. पोटॅशियम उतरतं. आता एक घोटही नको, हृदयाचे ठोके बिघडतील."

लोणच्याच्या एका फोडीवरून ज्यांच्याशी हुज्जत घातली, त्यांना रोज पेला भरून हे मीच देत होते.

मामंजी मात्र हात रिकामा करेनात. प्रसाद सांडायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. "देवाचं आहे ते," म्हणाले आणि हात ओठांकडे नेऊ लागले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नव्हते. मी त्यांचं मनगट धरलं, वाकले आणि त्यांच्या तळहातावरचं सगळं पिऊन टाकलं. मग मामंजी हात पंच्याला पुसत हळूच म्हणाले, "फ्लास्कात उरलंय ना? तेही तूच संपव."