ढावलो आणि वर्तुळातला आकडा

नागपूरहून निघालेली एसटी वाशीम सोडून कनेरगाव नाक्यावर थांबली, तेव्हा ऊन चढले होते. धाब्यावर चहा घेतानाही मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही. तिच्यात दिलीपचा कॅमेरा होता.

दिलीप आणि मी हिंगोलीला एकाच वसतिगृहात शिकलो. तो फौजेत गेला, मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. आता त्याची बहीण सुनीता हिचे लग्न निघाले आणि त्याला सीमेवरून सुट्टी मिळेना. कॅन्टीनमधून घेतलेला हा नवा व्हिडिओ कॅमेरा त्याने माझ्याकडे पाठवला. फोनवर म्हणाला, "बाकी काही नसलं तरी चालंल. ढावलो पूर्ण आण. मधी तुटलेला नको."

ढावलो म्हणजे सासरी निघताना बंजारा तांड्यावरच्या नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायचे गाणे. मी त्याला शब्द दिला.

हिंगोलीत गाडी बदलली. कळमनुरी सोडल्यावर रस्त्याकडेला वाळत घातलेली हळद दिसू लागली आणि डोंगरकडा गाव जवळ येताच केळीच्या बागा. खिडकीतून मी फोटो काढत होतो, सगळे छान येत होते. कार्डही नागपूरच्या दुकानातले सर्वांत मोठे घेतले होते, आठ जीबीचे. काही कमी पडणार नाही अशी खात्री होती.

तांड्यावर दिलीपच्या याडीने (आईने) बाटी (भाकरी), वरण आणि ठेचा वाढला. संध्याकाळी हळदीला बायका गाऊ लागल्या आणि मी कॅमेरा सुरू केला. थोडा वेळ चालला आणि बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. पडद्यावर इंग्रजीत अक्षरे आली : कार्डाचा वेग अपुरा आहे.

"काहून थांबून राहिलं तुमचं यंत्र?" एका बाईने विचारले. "उपाशी हाय का?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. याडीला हळूच म्हणालो, "काकू, उद्या मधी बंद पडलं तर सुनीता परत म्हणंल ना थोडं?"

तिने मान हलवली. "ढावलो नाटक न्हाई, बापू. एकदा म्हणलं की म्हणलं. निघालेली लेक माघारी बोलवून रडवायची का?"

मी कॅमेऱ्याचे खोके काढून वाचत बसलो. त्यावर लिहिले होते की व्हिडिओसाठी वर्तुळात चार किंवा त्याहून मोठा आकडा असलेले कार्ड वापरावे. माझ्या कार्डावरच्या वर्तुळात दोन होता. मग उलगडा झाला. फोटो एकेक येतो, कार्ड सावकाश लिहिते. व्हिडिओ थांबत नाही, त्याला धावत लिहिणारे कार्ड लागते. तो आकडा म्हणजे एका सेकंदाला किमान किती एमबी लिहिले जाईल याची हमी. मी फक्त जीबी पाहिले होते.

सकाळी दिलीपचे वडील थावरूकाका आणि मी काळीपिवळी जीपने हिंगोलीला गेलो. दुकानदाराने आठ जीबीचे कार्ड पुढे केले. त्यावर मोठ्या अक्षरात 'वीस एमबी' होते, पण वर्तुळात पुन्हा दोनच.

"ये देखो, बीस लिखा है. एकदम तेज."

"ये पढ़ने की रफ़्तार है, भाई. मुझे लिखने की चाहिए."

"लिखना है तो पेन ले लो," तो म्हणाला. बाकावरची गिऱ्हाइके हसली. मी हललो नाही. शेवटी त्याने खण उपसला आणि तळाचे एक कार्ड काढले. वर्तुळात सहा. पण चारच जीबीचे.

काकांनी मला बाजूला घेतले. "निम्मंच दिलं की यानं. फसवून राहिला तुला."

"काका, सोयाबीन काढताना मळणी यंत्र दाणे ओतून राहते. खाली पोतं धरणारा गडी ढिला असला तर?"

"ढीग लागतो. यंत्र बंद करावं लागते."

"पोतं केवढंही मोठं असलं तरी?"

"पोत्याचा काय संबंध? गडी चपळ पाहिजे." ते थांबले. मग कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "हेच द्या. पोरगं बराबर म्हणून राहिलं."

वसतिगृहात शिकलेल्या विज्ञानाचा माझ्या माणसांना असा सरळ उपयोग त्या दिवशी प्रथम झाला. दुकानाबाहेर मी रस्त्यावरची रहदारी बराच वेळ टिपली. कॅमेरा थांबला नाही. ते पुसून टाकले आणि लग्नात त्या कार्डावर दुसरे काहीच घेतले नाही. जागा थोडी होती.

दुपारी सुनीता निघाली. याडीच्या गळ्यात पडून तिने ढावलो धरला, मग थावरूकाकांच्या, मग चुलत्यांच्या, मावश्यांच्या. पडद्यावरचा लाल ठिपका तेवत होता. शेवटी भावाची पाळी आली आणि भाऊ तर नव्हता. ती तशीच माझ्यासमोर आली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि कॅमेऱ्याच्या भिंगात पाहत "भिया" (भाऊ) म्हणून गाऊ लागली. मी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. ठिपका थांबला नाही. गाडी बागांआड जाईपर्यंत थांबला नाही.

परतीच्या एसटीत ते कार्ड मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते. कनेरगावला पुन्हा चहा घेतला, या वेळी पिशवी निवांत बाकावर ठेवून. आईवडिलांनी मला शिकवले ते नोकरीसाठी, असेच मला वाटत आले होते. त्या बाकावर बसून वाटले, हेही त्यातच होते.

पुढे दिलीप सुट्टीवर आला, तेव्हा आधी नागपूरला माझ्या खोलीवर उतरला. बूटही न काढता त्याने ढावलो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मधे कुठेही तुटला नाही. संपल्यावर त्याने बूट काढले. मग म्हणाला, "परत लाव."